चौदा नंबरचं कार्ड

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाहिनीचे संचालकसाहेब; प्रकृती बरी नसतानाही आवर्जून आलेले आपले प्रमुख पाहुणे, म्हणजे माजी संचालक, ज्यांना आपण सगळे आजही मोठे साहेबच म्हणतो; माझ्या शेजारी बसलेले, घराघरांत पोचलेले आपले निवेदक; वृत्तविभागातले माझे सहकारी; कॅमेरा, ध्वनी, प्रकाश आणि मेकअप या विभागांतली मंडळी; हातातलं काम टाकून दारापाशी उभ्या असलेल्या कॅन्टीनच्या मावशी; आणि मित्रहो,

माझ्याआधी चार वक्ते बोलले. चौघांनी मिळून माझ्याबद्दल इतकं चांगलं सांगितलं, की ही बाई आहे तरी कोण, एकदा भेटायला हवं हिला, असं मलाच वाटायला लागलं. हसा, हसा. पुढे हसायला फारसं मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तेहतीस वर्षं या इमारतीत काढली. आले तेव्हा टंकलेखिका होते. बातम्या दुसऱ्यांनी लिहायच्या, मी बडवायच्या. जाताना निवडणूक कक्षाची प्रमुख म्हणून जाते आहे. या प्रवासात ज्यांनी मला हाताला धरून पुढे आणलं ते मोठे साहेब आज समोर बसले आहेत. साहेब, तुमचे उपकार मी विसरलेले नाही. आज जे बोलणार आहे ते उपकार विसरून बोलते आहे असं कृपा करून समजू नका.

निवेदकांनी मघाशी एक वाक्य सांगितलं. म्हणाले, "बाईंच्या हाताखालच्या निवडणूक चर्चेत कधी गोंधळ झाला नाही." टाळ्याही पडल्या. वाक्य खरं आहे. पण तो गोंधळ आम्ही कसा थांबवला, हे इथल्या नव्या मुलामुलींना कोणी सांगितलेलं नाही. निरोपाच्या भाषणात आठवणी सांगायची पद्धत आहे. मी एकच सांगते.

पूर्वी आपल्या चर्चेला नियम असा नव्हताच. जो पक्ष निवडणुकीला उभा, त्याच्या नेत्याला खुर्ची. एका वर्षी अकरा जण आले. अकरा खुर्च्या काही मावेनात, म्हणून शेवटच्या दोघांचा एकेक खांदा चौकटीबाहेर. एका गृहस्थांनी स्वतःच्या वाट्याची तीन मिनिटं स्वतःच्या कविता वाचण्यात घालवली. दुसरे एक नेते तिसऱ्या फेरीपर्यंत गाढ झोपले होते. निवेदकांनी हाक मारल्यावर दचकून उठले आणि म्हणाले, "सहमत आहे." कशाशी सहमत, ते शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या दिवशी प्रेक्षकांनी फोन करकरून आमचं डोकं खाल्लं.

तेव्हा काहीतरी चाळण लावायला हवी, हे मला पटलं होतं. आजही पटतं. नव्वद मिनिटांत अकरा माणसांना कोणी धड प्रश्न विचारू शकत नाही. मोठ्या साहेबांनी मला नियम लिहायला सांगितला आणि मी लिहिला: लागोपाठ दोन जनमत चाचण्यांत चार टक्के लोकांचा पाठिंबा मिळेल, त्या पक्षाला खुर्ची. एवढंच. कोणाचाही चेहरा डोळ्यांसमोर न आणता लिहिलेला नियम होता तो, आणि मला त्याचा अभिमान होता. दोन निवडणुका तो बिनतक्रार चालला, कारण दोन मोठे पक्ष सोडले तर चार टक्क्यांच्या जवळपास कोणी फिरकलंच नाही.

मग मागची निवडणूक आली. पाच वर्षं झाली.

तुमच्यातल्या काहींना सायरनकाका आठवत असतील. रुग्णवाहिकेचे चालक. सव्वीस वर्षं तीच नोकरी. उंच, वाकलेले, बोलणं एकदम हळू. त्या सुमाराला सरकारनं ठरवलं होतं की शहराच्या कडेकडेच्या वस्त्यांतल्या सात छोट्या दवाखान्यांतला तातडीचा विभाग, आपण ज्याला कॅज्युअल्टी म्हणतो तो, बंद करायचा आणि सगळं दोन मोठ्या रुग्णालयांत हलवायचं. सत्ताधारी पक्षाच्या जाहीरनाम्यात याला 'सक्षमीकरण' म्हटलं होतं. विरोधी पक्षाच्या जाहीरनाम्यात 'सुसूत्रीकरण'. शब्द दोन, कुलुपं सातच. आणि दोघांचं एकमत असल्यामुळे त्यावर भांडण नाही, आणि भांडण नाही म्हणून बातमी नाही. आपला धंदा कसा चालतो, तुम्हाला माहीत आहे.

सायरनकाकांनी काही चालक, काही परिचारिका आणि एक निवृत्त कंपाउंडर गोळा करून पक्ष काढला. आम्ही हसलो. मी पण हसले. एकच मुद्दा घेऊन कोणी पक्ष काढतं का? पण हा माणूस वस्तीवस्तीत जाऊन एकच गोष्ट सांगायचा. लोकांना विचारायचा, तुमचं घर कुठलं? आणि तिथून जवळच्या दवाखान्यापर्यंत किती मिनिटं लागतात आणि उद्या मोठ्या रुग्णालयापर्यंत किती लागतील, हे तोंडपाठ सांगायचा. गल्लीसकट, खड्ड्यांसकट, रेल्वेच्या फाटकासकट. पहिल्या चाचणीत त्यांच्या पक्षाला चार पूर्णांक एक टक्का. दुसरीत चार पूर्णांक सहा.

नियमाप्रमाणे खुर्ची. मी सुताराला तिसऱ्या खुर्चीसाठी टेबल तयार ठेवायला सांगितलंसुद्धा.

त्याच आठवड्यात एका सकाळी दोन फोन आले. एक सत्ताधारी पक्षाच्या कार्यालयातून, एक विरोधी पक्षाच्या. मध्ये फार तर अर्धा तास गेला असेल. दोघं म्हणाले, आमचे नेते गंभीर चर्चेला येतील, जत्रेला येणार नाहीत. 'जत्रा' हा शब्दसुद्धा दोघांचा एकच. त्या दोन पक्षांत इतकं एकमत मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. साहेब, मी काही वाढवून सांगत असेन तर इथंच टोका. तुम्ही म्हणालात, "दोघं आले नाहीत तर चर्चाच नाही. एका ड्रायव्हरला घेऊन काय करायचं? नियम तुमचाच आहे. जरा बघा."

जरा बघा. इतकंच. मी बघितलं. जागेवर आले, कागद काढला आणि 'चार' होतं तिथं 'पाच' केलं. पुढे एक ओळ जोडली, 'किंवा सभागृहात किमान एक सदस्य'. म्हणजे उद्या एखादा मोठा पक्ष घसरला तरी त्याची खुर्ची जाऊ नये. तारीख मागच्या महिन्याची घातली. कोणी धमकावलं नाही, कोणी दटावलं नाही. मी नाही म्हटलं असतं तर फार तर मला पुन्हा बातम्या बडवायला बसवलं असतं. पण नाही म्हणायचं डोक्यातच आलं नाही. काम नीट झालं याचं समाधान वाटलं, हे आज सांगताना लाज वाटते.

पत्र गेलं आणि तिसऱ्या दिवशी सायरनकाका आले. खाली स्वागतकक्षात बसले होते. स्वागतिका दोनदा वर फोन करून सांगत होती, मी दोनदा 'मीटिंगमध्ये आहे' म्हणून सांगितलं. मीटिंग नव्हती. चार तासांनी जेवणाच्या सुट्टीत उतरले तर तिथेच, भिंतीला पाठ लावून, गाडीची किल्ली हातात. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. मी मनात उत्तरं तयार ठेवली होती.

ते उभे राहिले. म्हणाले, "बाई, बसा. तुम्ही दमलेल्या दिसता."

मी म्हटलं, "काका, नियम सगळ्यांना सारखा आहे."

"हो, वाचला. गेल्या महिन्यात चार होता, तोही वाचला होता."

तेच पुढे म्हणाले, "मी त्यासाठी आलो नाही. मला खुर्ची नका देऊ. मला तसंही कॅमेऱ्यासमोर बोलता येणार नाही, तोंडाला कोरड पडते. पण एक प्रश्न विचारा त्या दोघांना. तुम्हीच विचारा, माझं नाव नको."

खिशातून घडी घातलेला कागद काढला. एक ओळ होती. 'हे सात विभाग बंद झाल्यावर कारखान्यांमागच्या वसाहतीतला माणूस किती मिनिटांत डॉक्टरांसमोर पोचेल?'

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. त्यांनी आकडा सांगावा. खोटा सांगितला तरी चालेल, निदान लोक तो घड्याळ लावून तपासतील."

मी शब्द दिला. मनापासून दिला. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि गेले, कारण त्यांची पाळी सुरू होणार होती.

तो प्रश्न मी कार्डावर लिहिला. चौदा नंबरचं कार्ड. निवेदकांना स्वतः समजावून सांगितलं. निवेदक, तुम्ही म्हणालात, "बाई, हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे." आठवतं? मान हलवली नाहीत तरी चालेल.

चर्चा रंगली. दोन्ही नेते रस्ता कोणी बांधला यावर अकरा मिनिटं भांडले. कंट्रोल रूममध्ये मी माझ्या जागेवर, मोठे साहेब माझ्या पाठीमागे उभे. एक्क्याऐंशी मिनिटं झाली. निवेदकांनी तेरावं कार्ड खाली ठेवलं आणि चौदावं हातात घेतलं. साहेबांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "त्या कार्डाची काही गरज आहे का?"

हुकूम नव्हता तो. प्रश्न होता. आणि माझ्यासमोर ते बटण होतं, जे दाबलं की माझा आवाज निवेदकांच्या कानात जातो. मी दाबलं. म्हटलं, "चौदा सोडा. समारोपावर या."

निवेदकांनी क्षणभर कॅमेऱ्याच्या वर, काचेकडे, माझ्याकडे पाहिलं. मग ते कार्ड गठ्ठ्याच्या तळाशी सरकवलं.

वेळ नव्हता, असं आम्ही नंतर विचारणाऱ्यांना सांगितलं. वेळ होता. नऊ मिनिटं होती. समारोप करूनही चार उरली. ती भरायची म्हणून निवेदकांनी दोघांना फावल्या वेळातले छंद विचारले. एकानं बागकाम सांगितलं. दुसऱ्यानं पोहणं. त्यावर दुसऱ्या दिवशी दोन वर्तमानपत्रांत चौकटी आल्या.

सायरनकाकांच्या पक्षाला शेवटी दोन टक्के मतं पडली. टीव्हीवर जो दिसत नाही तो हरणारच, मग त्याला मत देऊन वाया का घालवा, असं लोक म्हणाले. त्यांचा तरी काय दोष? वर्षभरात सातही विभाग बंद झाले. आम्ही त्याची चाळीस सेकंदांची बातमी केली. सक्षमीकरण झालं अशी.

मला एक चिठ्ठी आली आहे. संचालकसाहेबांकडून. 'कृपया आटोपतं घ्यावं.' घेते, साहेब. ध्वनिविभागाला विनंती आहे की माईक चालू ठेवा. तेहतीस वर्षांत मी तुमच्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही.

माझी थोरली बहीण तुमच्यातल्या पुष्कळांना माहीत आहे. ताई शिवणकाम करायची. आपल्या बातम्या देणाऱ्या मुलींचे कोट तिनंच शिवलेले. निवेदक, तुमचा तो राखाडी कोट, ज्याचं सगळे कौतुक करतात, तो तिच्या हातचा. खांदे तुमचे उतरते आहेत, ते तिनं कापडात सांभाळून घेतले. आई गेल्यावर तिनं मला वाढवलं, शिकवलं. मी साठीला आले तरी मला 'ठमे' म्हणते. लग्न तिनं केलं नाही. राहायची ती कारखान्यांमागच्या वसाहतीत, वर घर आणि खाली दुकान. तिच्या दारापासून तो जुना दवाखाना नऊ मिनिटांवर होता.

निवडणुकीला दोन वर्षं झाली होती. सुट्टीचा दिवस, सकाळचे अकरा. मी तिच्याकडे गेले होते. ती टेबलावर कापड पसरून कापत होती, मी समोर बसून बोलत होते. बोलता बोलता कात्री तिच्या हातातून सुटली. उचलायला वाकली आणि तशीच कलंडली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. मी फोन केला. "गाडी निघाली आहे." कुठून निघाली, तर मोठ्या रुग्णालयापासून, कारण आता गाड्या तिथेच असतात. शेजारच्यांनी एक टेम्पो उभा केला होता, पण फोनवर सांगत होते, हलवू नका, गाडी येतेच आहे. साडेबाराला आली.

चालक खाली उतरले. उंच, वाकलेले.

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि स्ट्रेचर ओढलं. वाटेत एकच वाक्य बोलले, पुढे बघत, "त्यांच्याशी बोलत राहा. झोपू देऊ नका." मी बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही. रेल्वेचं फाटक बंद होतं. सायरन वाजत होता आणि फाटक बंद होतं. दीडला पोचलो. तिथं कॅज्युअल्टीच्या बाहेर बोळात माणसं जमिनीवर बसली होती, सात वस्त्यांची माणसं. मेंदूच्या स्कॅनसाठी ताईच्या पुढे पाच जण. तिचा नंबर लागून अहवाल हातात यायला पावणेचार झाले.

एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. बिचाऱ्या सकाळपासून उभ्या असाव्यात. म्हणाल्या, "गुठळी आहे. विरघळवायचं एक इंजेक्शन असतं, पण ते साडेचार तासांच्या आतच देता येतं. आता उशीर झालाय, दिलं तर जिवावर बेतेल. तुम्ही थोडं आधी आणायला हवं होतं."

थोडं म्हणजे किती? पंधरा मिनिटं.

मी बोळातल्या बाकावर बसले. सायरनकाका पाण्याचा पेला घेऊन आले. गाडी धुऊन पुढच्या फेरीला निघाले होते, मध्येच आत आले असावेत.

"काका, ओळखलंत मला?"

"दारातच ओळखलं."

"मग बोलला नाहीत काही."

"गाडीत पेशंट असताना मी बोलत नाही, बाई."

मी म्हटलं, "आता बोला. काहीही बोला."

त्यांनी टोपी काढली. मग म्हणाले, "त्या दिवशी आम्ही सगळे ड्रायव्हर शेडमध्ये टीव्ही लावून बसलो होतो. घरच्यांनाही बोलावलं होतं. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आपला प्रश्न येणार आहे, बाईंनी शब्द दिलाय. ते छंदबिंद झाले, जाहिराती लागल्या. पोरं उठायला लागली. मी म्हटलं, थांबा रे, जाहिरातींनंतर असेल."

एवढंच बोलले. पेला माझ्या हातात दिला, टोपी घातली आणि गेले.

ताई वाचली. उजवा हात आणि उजवा पाय गेला. आता माझ्याकडे असते. बोलते, जरा ओढून ओढून, पण स्वच्छ कळतं. पहिलं वर्षभर डाव्या हातानं सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करायची. सुई उशीत टोचून ठेवायची आणि दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं करून पुन्हा पुन्हा नेम धरायची. मग एक दिवस म्हणाली, "ही सुई कुणालातरी देऊन टाक, ठमे." मशीनही दिलं.

तीन वर्षं मी तिला सांगितलं नाही. अंघोळ घातली, भरवलं, रोज सकाळी केस विंचरले, आणि सांगितलं नाही. सांगून काय उपयोग, असं स्वतःला समजावत राहिले. मागच्या आठवड्यात या समारंभाची पत्रिका आली. ताईनं ती डाव्या हातात धरून वाचली. 'निःपक्ष आणि निर्भीड सेवेबद्दल' असं त्यात छापलं आहे. ती म्हणाली, "आईला वाचून दाखवायला हवं होतं गं." मग मला राहवलं नाही. पलंगाच्या कडेला बसून सगळं सांगितलं. नियम, कागद, कार्ड, बटण, सगळं.

तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर विचारलं, "किती मोठा होता प्रश्न?"

"एक ओळ."

"विचारायला किती वेळ लागला असता?"

"आठ-दहा सेकंद."

"मग त्याच्याऐवजी काय विचारलंत?"

मी सांगितलं. बागकाम आणि पोहणं. ती हसली. अर्ध्याच तोंडानं हसता येतं तिला आता. म्हणाली, "मला कुशीवर वळव."

मी वळवलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी फणी घेऊन गेले तर म्हणाली, "तू नको. शेजारणीला हाक मार." त्यालाही आज आठ दिवस झाले. रोज शेजारीण येते. मी दाराबाहेर उभी असते.

प्रश्न विचारला असता तर विभाग बंद पडले नसते, असं मी म्हणत नाही. कदाचित तेच झालं असतं. त्या दोघांनी काहीतरी गोल गोल उत्तर दिलं असतं आणि सगळे विसरले असते. मला ते कधीच कळणार नाही. कळायची सोय मी स्वतःच मोडली. माणसं घरात बसून बघत होती, आणि त्यांच्या वतीनं मी ठरवलं की हे त्यांनी ऐकायचं नाही. हे ठरवायला मला कोणी निवडून दिलं होतं?

आता शेवटचं. सोमवारी संचालकसाहेबांनी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. पुढच्या महिन्यातल्या चर्चेचा नियम. म्हणाले, "जाता जाता ही एक सही करून जा, म्हणजे नवीन माणसाला त्रास नको." पाचाचे आठ टक्के केले आहेत. या खेपेला एक दुसराच छोटा पक्ष साडेसहावर आला आहे, हे तुम्ही सगळे जाणता. त्या पक्षाची मतं मला मुळीच पटत नाहीत. त्यांचे नेते मला आवडतही नाहीत. उद्धट माणूस आहे, मागे आपल्याच वार्ताहर मुलीशी वाईट बोलला होता. तो खुर्चीत बसला तर मला त्रासच होईल. पण पाच टक्क्यांचा नियम ठरला तेव्हा त्याचा पक्ष अस्तित्वातही नव्हता, आणि आठ टक्क्यांचा नियम लिहिताना तो समोर दिसतो आहे. हा फरक मला कळतो, कारण तो कागद मी एकदा लिहिलेला आहे.

मी सही केली नाही. सही का केली नाही ते चार ओळींत त्याच कागदावर लिहिलं. त्याची एक प्रत त्या पक्षाला पाठवली. दुसरी प्रत, आणि पाच वर्षांपूर्वी मी मागची तारीख घालून काय केलं त्याचा माझ्या सहीचा कबुलीजबाब, आज सकाळी निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयात स्वतःच्या हातानं दिला आणि पोच घेतली. संचालकसाहेब, तुम्हाला हे आधी खाजगीत सांगायला हवं होतं, सभ्यपणा तेच सांगतो. पण खाजगीत सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "जरा बघा." आणि मला माझा भरवसा नव्हता.

उद्या तो कागद दुसऱ्या कोणाच्या तरी टेबलावर जाईल. ती व्यक्ती या सभागृहात बसली आहे. मी तिच्याकडे बघणार नाही. सही होईलही, चर्चा दोघांतच होईलही. कार्यालयातल्या कारकुनानं माझा लिफाफा ज्या गठ्ठ्यावर ठेवला तो कंबरेएवढा उंच होता, ते मी पाहून आले आहे.

तुम्ही दिलेला पुष्पगुच्छ आणि एवढी माया घेऊन जाते. स्मृतिचिन्ह मात्र ठेवून जाते आहे. त्यावर पत्रिकेतलेच शब्द कोरले आहेत. ते घरी कुठे ठेवणार? कॅन्टीनच्या मावशींचे आभार, कारण त्यांनी मला कधी उपाशी काम करू दिलं नाही. कॅमेऱ्यामागच्या सगळ्यांचे आभार. मोठे साहेब, तुमचेही मनापासून, आणि प्रकृतीला जपा. ताईचे आभार मानायचा अधिकार सध्या मला नाही.

तुमचा खूप वेळ घेतला. बोलण्याच्या ओघात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द कमीजास्त गेला असेल, तर तेवढं पोटात घाला. बाकीच्याची माफी मी इथं मागत नाही. ती देऊ शकणारी दोन माणसं या सभागृहात नाहीत. त्यातलं एक आत्ता गाडी चालवत असेल. आणि दुसरं भिंतीकडे तोंड करून पडलेलं आहे. तिच्याकडेच निघाले आहे.

येते.